पोकळ डोकं, भरीव आवाज

गेले तीन शनिवार-रविवार काही लिहिणं झालं नाही, कारण मी ड्रायव्हर निवडत होतो. आमच्या धंद्यातल्या लोकांना वाटेल प्रिंटरचा नाहीतर ग्राफिक कार्डाचा असेल. आईला वाटलं मी गाडीवर माणूस ठेवतोय. "एवढा पगार झाला का तुझा?" असं तिने विचारूनही घेतलं. तर तसं काही नाही. गोल्फच्या पिशवीत जो सगळ्यात लांब दांड्याचा आणि सगळ्यात मोठ्या डोक्याचा क्लब असतो, ज्याने पहिला लांबचा फटका मारतात, त्याला ड्रायव्हर म्हणतात.

नाशिकरोडला राहून गोल्फ खेळणं हे जरा विनोदीच आहे, मान्य. नाशकात गोल्फ क्लब मैदान आहे, रिक्षावाल्याला नुसतं नाव सांगा, बरोबर नेऊन सोडतो. तिथे रणजीचे सामने झालेत, सकाळ-संध्याकाळ लोक चालायला येतात, गोल्फ तेवढा होत नाही. त्या मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ साली कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणाऱ्या पोराचं नाव साहेबाच्या खेळाच्या मैदानाला मिळालं, हे मला फार आवडतं. देवळालीला लष्कराचा गोल्फ कोर्स आहे, पण तो लष्कराचा. आमच्या वाट्याला देवळालीहून सरावाच्या तोफांचे आवाज तेवढे येतात.

मला हे वेड लागलं पुण्यात. ऑफिस पुण्याचं, आता आठवड्यातले दोनच दिवस जावं लागतं. तीनेक वर्षांपूर्वी आमचा लीड एका शनिवारी सकाळी ड्रायव्हिंग रेंजवर घेऊन गेला (आता हसू नका, रेंज म्हणजे नुसते चेंडू मारत सुटायचं मैदान). पहिले चाळीस चेंडू कुठेही गेले. एक्केचाळिसावा बसला. बसला म्हणजे काय, हे ज्याने टेनिस बॉल क्रिकेटमध्ये एकदा तरी बॅटच्या बरोबर मधोमध घेऊन चेंडू मुक्तिधामच्या दिशेला पाठवलाय त्याला सांगायला नको. हाताला काहीच लागत नाही. फक्त आवाज येतो. तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी मी तो आवाज ऐकायला जातो.

तर यंदा स्वतःचा ड्रायव्हर घ्यायचं ठरवलं. लीडचं म्हणणं साधं होतं: "आकडे बघ. आवाजबिवाज सोड, ते म्हाताऱ्यांचं काम." आमच्या क्षेत्रात आकडे बघ म्हटल्यावर माणूस गप्प होतो. मी मात्र वाद घालणार आहे, कारण या बाबतीत आवाज बघणं जास्त शास्त्रीय आहे असं माझं मत झालंय. पण कुठला आवाज, यात सगळे फसतात. मीही फसलो होतो.

आधी आकड्यांचं बघू. नवीन ड्रायव्हर चेंडू लांब मारतो असं प्रत्येक जाहिरात दरवर्षी सांगते. पण डोक्याचा आकार ४६० घन सेंटिमीटरच्या वर नेता येत नाही, हा नियम २००४ पासून आहे. चेंडू आदळतो तो पत्रा (त्याला फेस म्हणतात) किती लवचिक असावा, त्यालाही मर्यादा आहे. लोलकासारखं एक वजन फेसवर आपटून ते किती वेळ टेकून राहतं ते मोजतात, आणि २३९ मायक्रोसेकंद अधिक १८ ची सूट, म्हणजे २५७ च्या पुढे गेलं की क्लब बाद. बड्या कंपन्या ह्या भिंतीला केव्हाच जाऊन टेकल्या आहेत. मधोमध बसलेल्या फटक्याचा वेग वाढवायला फारशी जागाच उरलेली नाही. प्रोसेसरचा क्लॉक स्पीड जसा एका जागी येऊन थांबला तसंच काहीसं.

मग बदलतं काय? दोन गोष्टी. एक म्हणजे फटका मधोमध नाही बसला तर डोकं किती कमी वळतं, आणि त्यामुळे चेंडू किती कमी भरकटतो. यात नवीन क्लब खरोखर चांगले आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. दुसरी म्हणजे आवाज.

पूर्वी ड्रायव्हरचं डोकं लाकडाचं असायचं, अमेरिकेतल्या पर्सिमनच्या झाडाचं. सिन्नरच्या विड्या ज्या तेंदूच्या पानांत वळतात तो तेंदू आणि हा पर्सिमन एकाच डायोस्पायरॉस घराण्यातले, म्हणजे तसे आमचे शेजारीच. लाकूड भरीव, आवाजही भरीव. १९७९ मध्ये टेलरमेडने पोलादी पोकळ डोकं काढलं आणि त्याला नाव दिलं पिट्सबर्ग पर्सिमन! (पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचं गाव.) १९९१ मध्ये कॅलवेची बिग बर्था आली, १९९५ मध्ये टायटॅनियम. बर्नहार्ड लँगर १९९३ ची मास्टर्स पर्सिमनच्या ड्रायव्हरने जिंकला, त्यानंतर लाकूड संपल्यातच जमा.

टायटॅनियम हलकं आणि मजबूत, त्यामुळे डोकं फुगवता आलं. पण फुगवलेलं पोकळ डोकं म्हणजे शेवटी डबा. जेमतेम २०० ग्रॅम वजन, फेस साधारण ३ मिलिमीटर, माथ्याचा पत्रा त्याहून कितीतरी पातळ. ठोकला की वाजणारच. २००७ मध्ये नायकीने काढलेला चौकोनी ड्रायव्हर तर आवाजासाठीच बदनाम झाला. मग अभियंत्यांनी आतून फासळ्या घातल्या, माथा कार्बन फायबरचा केला, आणि २०२२ मध्ये टेलरमेडने फेसच कार्बनचा केला, ६० थरांचा. हेतू हा की पत्र्याची थरथर लवकर मरावी आणि पोकळ डोक्यातून भरीव आवाज यावा.

आता हा भरीवपणा आपल्याला कळतो कुठे? सगळे म्हणतात हातात. पण चेंडू फेसला टेकून असतो साधारण अर्धा मिलिसेकंद. हातातून मेंदूला निरोप जायलाच त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. म्हणजे तुम्हाला काही "जाणवतं" तोवर चेंडू केव्हाच सुटलेला असतो. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली यावर एक पेपरच लिहिला. खेळाडू ज्याला फटक्याचा "फील" म्हणतात त्याचा आणि फटक्याच्या आवाजाचा घट्ट संबंध आहे, असं त्यांना दिसलं. थोडक्यात, हाताचं बरंचसं काम कानच करतो.

यात आपल्याला नवीन काय आहे म्हणा. आपल्याकडे मडकं वाजवून घेतात, नारळ वाजवून घेतात, कलिंगडावर टिचकी मारल्याशिवाय पैसे देत नाहीत. रेल्वेची माणसं हातोडीने डब्याचं चाक ठोकून तडा शोधायची. वाजवून घेणे या शब्दाचाच अर्थ पारखून घेणे. (नाशिकरोडला नोटा छापतात, नाणी नाही, त्यामुळे खणखणीत नाण्याचा दाखला देता येत नाही, असो.)

तर मी पुण्याच्या एका दुकानात वाजवायला गेलो. बंद खोली, पडद्यावर हिरवळ, रडारचं यंत्र. तिथे एक नवीन कार्बनवाला हाणला आणि खरं सांगतो, प्रेमात पडलो. प्रत्येक फटक्याला तोच तो आवाज, दाट, खोल, कोणीतरी जाड पुस्तक टेबलावर आपटावं तसा. किंमत ६० हजारांच्या आसपास. दुसरा पर्याय लीडकडेच पडून होता, दहा-बारा वर्षांपूर्वीचा सगळा टायटॅनियमचा, १२ हजारांत द्यायला तयार. तो मारला की टण्ण. खोलीत तर कान किटले. मनात म्हटलं, संपलं, निर्णय झाला, ईएमआय बघू.

पण बंद खोलीत आणि उघड्यावर आवाज एकच नसतो, एवढं इंजिनिअरिंग चार वर्षं करून कळलेलं होतं. व्हिडिओत ऐकलेल्यावर तर विश्वास ठेवूच नका, फोनचा माइक असा अचानक ठोका येताच स्वतःच आवाज दाबतो. लीडने तोच कार्बनवाला आधीच घेतला होता. द्राक्षाच्या एका पेटीच्या बोलीवर त्याने दोन्ही क्लब एका रविवारसाठी दिले आणि मी ते नाशिकला आणले.

मामांचं शेत पळश्याला. द्राक्षबागेच्या कडेला एक मोकळा तुकडा आहे, तिथे बागेसाठी आणलेलं शेडनेट दुहेरी करून दोन खांबांना बांधलं. बाबाही आले. त्यांच्याबद्दल सांगायला हवं. नाशिकरोडला कोणी प्रेसमध्ये होतो म्हणालं की लोकांना नोटांचा नाहीतर स्टॅम्पांचा प्रेस वाटतो. बाबाही प्रेसमध्येच होते, पण एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये. पत्रा ठोकायचे पॉवर प्रेस, ३१ वर्षं. डायला बारीक तडा जायला लागला की मशीनचा आवाज बदलायचा आणि बाबा वीस फुटांवरून हात वर करून मशीन थांबवायचे, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगतात.

बाबांनी दोन्ही क्लब हातात घेतले, डोक्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. मला विचारलं, "ह्यातला कुठला खोटं बोलतो?"

मला आधी कळलं नाही. ते म्हणाले, "अरे, चांगल्या मशीनचा आवाज गोड असतो असं नाही. बिघडल्यावर जी वेगळा आवाज करते ती चांगली मशीन."

मग आम्ही प्रयोग केला. चेंडूवर व्हाईटबोर्डच्या मार्करने ठिपका काढायचा आणि ठिपका मागे ठेवून फटका मारायचा, म्हणजे फेसवर शाईचा डाग पडतो. (आधी कॅरमची पावडर लावून बघितली, वाऱ्याने सगळी मामांच्या अंगावर.) प्रत्येक फटक्यानंतर मी फेसकडे न बघता सांगायचं: मधोमध, टाचेकडे की चवड्याकडे. मग बाबा डाग बघून वहीत टिक करणार. दोन्ही क्लबांचे वीस-वीस फटके, आलटून पालटून.

जुन्या टायटॅनियमच्या वेळी माझे वीसपैकी पंधरा अंदाज बरोबर आले. नव्या कार्बनच्या वेळी नऊ. डोळे मिटून ठोकून दिले असते तरी सहा-सात आलेच असते! म्हणजे ज्या गोड भरीव आवाजाच्या मी प्रेमात पडलो होतो, तो मला काहीच सांगत नव्हता. टाचेवर बसो, चवड्यावर बसो, तो आपला म्हणतोय, "वा, मस्त." आमच्याकडे असा एक सर्व्हर होता. लॉगमध्ये कायम ओके लिहायचा. तो ओके लिहीत असतानाच डेटाबेस भरून बंद पडला आणि आम्ही रात्री अडीचला उठलो.

जुना मात्र चुगलखोर. मधोमध बसला की एकच स्वच्छ टण्ण, टाचेकडे गेला की बसका आणि फाटका आवाज, चवड्याकडे गेला की त्याला एक शेपूट. पन्नास फटक्यांनंतर मला पाय कुठे चुकतोय हेही कळायला लागलं.

मग कानात फोमचे प्लग घालून जुन्यानेच पुन्हा वीस मारले. पंधराचे आठ झाले. हात तेच, क्लब तोच, फक्त कान बंद. वीस फटक्यांवर कोणी प्रबंध लिहीत नाही, मला माहीत आहे, पण माझ्यापुरतं लफबरोचं म्हणणं पळश्यात सिद्ध झालं.

मामांना यातलं काही पटलं नाही, पण आवाज आवडला. पाखरं हाकलायला फटाक्यापेक्षा हे बरं, म्हणाले, सीझनभर ठेवून जा.

नंतर मला वाटलं, बाबांनाही अंदाज करायला लावू. पाठ करून उभे राहा, मी जुन्याने मारतो, तुम्ही आवाजावरून सांगा. वीस फुटांवरून तडा ओळखणारा माणूस, माझ्यापेक्षा जास्तच बरोबर सांगेल. पहिले पाच चुकले. सहाव्याला ते वळले आणि म्हणाले, "मला सगळे सारखेच येतात रे. ठप्प, ठप्प. तू म्हणतोस ते टण्ण कुठाय?"

टायटॅनियमचा तो टण्ण साधारण ३ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. कारखान्याच्या गोंगाटाने कान जातात ते आधी नेमके ह्याच पट्ट्यात, ४ हजारच्या आसपास. बाकी बोलणंबिलणं ऐकू येत राहतं, म्हणून वर्षानुवर्षं घरात कुणाला कळत नाही. आम्हाला कळलं नव्हतं. टीव्हीचा आवाज मोठा करतात यावरून मी त्यांच्याशी भांडलोय. कुकरची शिट्टी ऐकू आली नाही म्हणून आई रागावते. ३१ वर्षांत त्यांना कोणी कानात घालायला काही दिलं नाही, आणि दिलं असतं तर त्यांनी घातलं नसतं असं ते स्वतःच म्हणतात, कारण मग तडा ऐकू आला नसता.

हे लिहायचं कारण असं की गोल्फमध्येही हा प्रकार झालेला आहे. २००८ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका ५५ वर्षांच्या माणसाची केस आली होती. कानात सतत आवाज, ऐकू कमी येतंय. हा गृहस्थ आठवड्यातून तीनदा, दीड वर्ष, पातळ फेसच्या टायटॅनियम ड्रायव्हरने खेळत होता. डॉक्टरांनी असे क्लब तपासले तर फटक्याचा आवाज १२० डेसिबलच्या वर जात होता. जुने जाड पोलादी त्यामानाने शांत. म्हणजे जो आवाज मला सगळं खरं सांगतो, तोच कान नेणार.

तेव्हा आता "आवाजावरून निवडा" असं जे मी वर छातीठोकपणे लिहिलं त्याला एक पुरवणी जोडतो. कोर्सवर अठरा होलच्या एका फेरीत ड्रायव्हर फार तर चौदा वेळा मारला जातो, तोही उघड्यावर, मधे मधे बराच वेळ जाऊन. तिथे कान उघडे ठेवा, सगळं ऐका. रेंजवर मात्र तासात शंभर चेंडू मारतो आपण, वर पत्र्याचं छप्पर, शेजारी आणखी दहा जण तेच करतायत. तिथे पहिले दहा ऐकून घ्या आणि मग प्लग घाला, शाई आणि मार्कर आहेच. दुकानाच्या बंद खोलीत तर प्लग घालूनच जा, तसाही तिथला आवाज खोटा. आणि दर आठवड्याला खेळणारे, मॅचेस खेळणारे असाल तर खुशाल नवा घ्या. चुकीचा फटका तो खरंच कमी भरकटवतो, आणि तुम्हाला बहुधा आवाजाची शिकवणी लागत नसेल. मी महिन्यातून दोनदा खेळतो. मला अजून चूक कळायची आहे.

लीडला हे सगळं वहीसकट दाखवलं. तो म्हणाला वीस हे सॅम्पल साइझ आहे का? मग द्राक्षं खात खात म्हणाला की त्यालाही गेल्या सहा महिन्यांत आपला फटका कुठे बसतो ते कळेनासं झालंय. पण ६० हजार दिलेत, आता काय बोलणार.

जुना टायटॅनियम १२ हजारांना घेतला, जीपेने पाच आत्ता आणि उरलेले पगार झाल्यावर. ग्रिप बदलावी लागेल, गुळगुळीत झाली आहे. बाबांची ऑडिओमेट्री गुरुवारी आहे, बिटकोजवळ. मशीनबद्दलच त्यांनी जास्त प्रश्न विचारलेत, किती हर्ट्झपासून सुरू करतात वगैरे. प्लगची डबी मी गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवली होती. काल बघितलं तर ती ड्रायव्हरच्या टोपीत कोंबलेली होती, म्हणजे टोपी काढल्याशिवाय क्लब बाहेर येत नाही आणि डबी हातात आल्याशिवाय टोपी निघत नाही.